डाउन गावचा पत्रव्यवहार

चार्ल्स डार्विन १८४२ साली केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहावयास गेले. बीगल जहाजातून जगप्रवास करून परतल्यानंतर ते ब्रिटनबाहेर पुन्हा कधीच पडले नाहीत. तरीही ब्राझीलमधील वेलींची, कोलकात्यातील पाळीव जनावरांची आणि मलय बेटांवरील पक्ष्यांची माहिती त्यांच्या टेबलावर येऊन पडत असे. हे साधले ते टपालामुळे. १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये टपालखर्च अंतरानुसार वाढे आणि बहुधा तो पत्र घेणाऱ्यालाच सोसावा लागे. त्या वर्षी अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशभर एक पेनी असा सरसकट दर लागू झाला, आणि अनोळखी माणसाला शंका विचारणेही परवडू लागले.

११ जानेवारी १८४४ रोजी डार्विन यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांना एक पत्र लिहिले. हूकर नुकतेच दक्षिण ध्रुवाकडील सफरीवरून परतले होते आणि दोघांची ओळख अजून नवीच होती. जीवजाती अचल नाहीत अशी आपली जवळजवळ खात्री झाली आहे, आणि हे सांगणे म्हणजे खुनाची कबुली देण्यासारखे आहे, असे डार्विन यांनी त्यात लिहिले. हूकर दचकले नाहीत. हा बदल कसा घडत असावा हे जाणून घ्यायला आवडेल, कारण प्रचलित मतांनी आपले समाधान होत नाही, असे त्यांनी कळवले. छापील शब्दाला जी भीती होती, ती खाजगी पत्राला नव्हती.

भारतातून येणाऱ्या माहितीचा मोठा वाटा एडवर्ड ब्लाइथ यांचा होता. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे ते १८४१ पासून व्यवस्थापक होते. पगार तुटपुंजा, पण वाचन आणि निरीक्षण अफाट. कोंबड्या, कबुतरे, गुरे यांच्या जातींविषयी त्यांनी १८५५ साली डार्विन यांना पानेच्या पाने लिहून पाठवली. पाळीव कोंबड्यांचे मूळ भारतातील रानकोंबड्यात आहे, हे सांगताना डार्विन यांनी जीवजातींच्या उगमावरील आपल्या १८५९ च्या ग्रंथात ब्लाइथ यांच्या मताला जवळजवळ इतर कोणाहीपेक्षा अधिक मोल दिले आहे. त्याआधी, डिसेंबर १८५५ मध्ये, ब्लाइथ यांनी निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्या, बोर्निओ बेटावरील सारावाकहून आलेल्या, नव्या जीवजातींच्या उगमावरील निबंधाकडे डार्विन यांचे लक्ष वेधले होते आणि तो एकंदरीत चांगला असल्याचा अभिप्रायही दिला होता. डार्विन यांनी मात्र त्या निबंधात फारसे नवे काही नाही, असा शेरा मारून ठेवला. इशारा कोलकात्याहून आला होता. तो ओळखण्यात डार्विन कमी पडले, असेच म्हणावे लागते.

जून १८५८ मध्ये वॉलेस यांचे टपाल डाउनला पोहोचले. मोलुकास बेटांतून धाडलेल्या त्या हस्तलिखितात डार्विन यांच्याच मनातली नैसर्गिक निवडीची, म्हणजे परिस्थितीला अनुकूल जीव टिकून राहतात आणि त्यातून जाती बदलत जातात ही, कल्पना मांडलेली होती, आणि योग्य वाटल्यास ते भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांना दाखवावे, अशी वॉलेस यांची विनंती होती. डार्विन यांना आपण ही कल्पना आधीपासून बाळगून होतो हे दाखवणे भाग होते, आणि तेथेही एक पत्रच कामी आले. सप्टेंबर १८५७ मध्ये अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांना पाठवलेल्या पत्राची प्रत त्यांच्यापाशी होती. लायल आणि हूकर यांच्या पुढाकाराने १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गविज्ञान संस्थेत या पत्राचा उतारा, डार्विन यांच्या १८४४ च्या अप्रकाशित टिपणातील काही भाग आणि वॉलेस यांचा निबंध असे तिन्ही वाचले गेले. तान्ह्या मुलाच्या मृत्यूला तीनच दिवस झाल्याने डार्विन हजर नव्हते, आणि हजारो मैल दूर असलेल्या वॉलेस यांची संमती कोणी विचारली नव्हती. पुढे वॉलेस यांनी यावर कधी तक्रार केली नाही, तरी या घाईला निःपक्षपाती व्यवस्था म्हणणे कठीण आहे.

मिळालेली पत्रे डार्विन एका सळईत ओवून ठेवत आणि सळई भरली की जुनी जाळून जागा करत. त्यामुळे १८६२ पूर्वी त्यांना आलेली बहुतेक पत्रे नष्ट झाली. ब्लाइथ यांची टिपणे मात्र पुढच्या ग्रंथलेखनासाठी हवी असल्याने बाजूला ठेवलेली राहिली. त्यांच्या समासात डार्विन यांनी केलेल्या खुणा आजही दिसतात.