मणी भिंत, मारखा आणि कान्हेरीचं 41 नंबरचं लेणं

आवाज मागपर्यंत येतोय ना? बरं. विषय छापलाय 'लडाखचा ट्रेक आणि तिबेटी संस्कृती', आणि मी शेवटी पोचणार आहे कान्हेरीला. संबंध आहे, थोडा धीर धरा. आधी हात वर करा, लडाखमधली मारखा व्हॅली कोणी कोणी केलीय? सहा-सात, वा. आणि कान्हेरी? बापरे, बरेच आहेत. शाळेच्या सहलीत गेलेले हात खाली घ्या. बघा, राहिले दोन! याच्यासाठीच आज आलोय मी.

पण त्याआधी एका दगडाची गोष्ट.

2017 चा ऑगस्ट, आम्ही चौदा जण. इकडे सह्याद्रीत धो धो आणि तिकडे हिमालयाच्या पलीकडे कोरडं ठाक, म्हणून ऑगस्ट. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथे तीन दिवस नुसतं हिंडून शरीराला सवय लावली आणि मग झंस्कार नदीच्या काठच्या चिलिंगहून आत शिरलो. चिलिंग म्हणजे धातूकाम करणाऱ्यांचं गाव बरं का, लडाखी स्वयंपाकघरात भिंतभर तांब्या-पितळेची भांडी मांडलेली असतात ना, त्यातली देखणी भांडी या गावातली, पण ते परत कधीतरी. पहिला मुक्काम स्क्यूला. दुसऱ्या दिवशी स्क्यू ते मारखा, वीसेक किलोमीटर, डोक्यावर ऊन, सावली नावाला नाही, आणि वाटेत मणी भिंती.

ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. छातीइतकी उंच, बैलगाडीएवढी रुंद अशी दगडांची रचलेली भिंत, आणि वर सपाट दगड मांडलेले, शेकड्याने, त्यांच्यावर तिबेटी अक्षरात 'ॐ मणि पद्मे हूँ' कोरलेलं. भिंत आली की पायवाट दुभंगते, एक फाटा इकडून, एक तिकडून. भिंत कायम आपल्या उजव्या हाताला ठेवायची, म्हणजे आपण डावीकडून जायचं. गंमत अशी की येतानाही डावीकडूनच यायचं, त्यामुळे जाऊन परत आलात की न ठरवता एक प्रदक्षिणा पूर्ण होते. गावातली माणसं शेतावर जातात, येतात, आणि आयुष्यभर प्रदक्षिणा घालत राहतात. मला हे इतकं आवडतं ना!

तर संध्याकाळी मारखात एका घरी उतरलो. स्वयंपाकघरात मधोमध चूल, कडेने बुटकी टेबलं, आम्ही मांडी घालून बसलेलो, गुरगुर चहा आलाय, लोणी आणि मीठ घातलेला. कोपऱ्यात आबी-ले, म्हणजे घरातली आजी, हातातलं मणीचक्र, म्हणजे प्रार्थनाचक्र, फिरवत बसलेली. आणि आमच्यातल्या एका मुलाने, नाव नाही सांगत, फार गुणी मुलगा आहे, सॅकमधून मफलरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं. दगड! तळहाताएवढा, जांभळट, पातळ, आणि अक्षरं अजून पांढरी, म्हणजे ताजी कोरलेली. म्हणाला आजीला नेतोय, तिच्या देव्हाऱ्यात ठेवायला.

आबी-लेचं चक्र थांबलं. ती उठली, दगड दोन्ही हातात घेतला, कपाळाला लावला आणि भांड्यांच्या फळीवर अगदी वरच्या कप्प्यात ठेवला. एक शब्द बोलली नाही. परत जागेवर बसली आणि चक्र सुरू. मग सून हिंदीत म्हणाली, 'भैया, ये किसी के नाम का है.' घरात कोणी गेलं, कोणी आजारी पडलं, कोणी लांब निघालं, की त्याच्यासाठी दगड कोरून तिथे ठेवतात. पोराचा चेहरा पांढराफटक. त्याला कोण काय बोलणार? निघायच्या आधी मीच दीड तास बूट आणि डायमॉक्सवर, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीवर, बोललो होतो आणि मणी भिंतीवर एक वाक्य नाही. चूक माझी होती, आजही खुपते.

पहाटे साडेपाचला आम्ही दोघं उलटे निघालो. नदी दोनदा ओलांडावी लागली, पाणी गुडघ्याइतकं पण असं गार की पाय आहेत की नाहीत कळेना. आणि भिंती तीन! कुठल्या भिंतीवरून उचलला ते त्याला आठवेना, सगळे दगड सारखेच दिसायला लागले. साडेदहा वाजत आले तेव्हा तिसऱ्या भिंतीवर त्याला एक चौकोन दिसला, बाकी सगळीकडे धूळ बसलेली आणि तेवढीच जागा स्वच्छ. दगड ठेवला, चपखल बसला. तो तिथे बराच वेळ उभा राहिला, मीही घाई केली नाही. आणि माझ्या लक्षात आलं, काल आम्ही स्क्यूकडून डावीकडून आलो होतो, आज मारखाकडून परत डावीकडून, म्हणजे त्याची प्रदक्षिणा झाली होती.

येताना व्हायचं तेच झालं. ऊन चढलं, वर बर्फ वितळलं, नदी मांडीच्या वर आणि रंग मातकट. शेवटी एका घोडेवाल्याने आम्हाला पलीकडे काढलं. दिवस गेला आणि सगळा ग्रुप मारखात अडकला, आणि माझ्या मते आख्ख्या ट्रेकमधला सगळ्यात मोलाचा दिवस तोच. पोरं घरच्यांबरोबर शेतावर गेली. तिकडे पाऊस जेमतेम, लेहला वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास, जव पिकतं ते वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर, म्हणून गावात 'चुरपोन' असतो, कोणाच्या शेताला कधी आणि किती पाणी ते तो बघतो. पोरं त्याच्यामागे पाटापाटाने हिंडली. आणि तिथला संडास, त्यात पाणी टाकत नाहीत, फावड्याने माती टाकायची, त्याचं पुढे खत होतं आणि ते शेतात जातं. सूनबाईने दाखवलं, आधीच्या कुठल्या तरी ग्रुपने त्यात टाकलेले वेट वाइप्स ती काठीने वेचून काढत होती. ते खत शेवटी आपल्याच ताटात...

चिठ्ठी आली, सात मिनिटं. अरे! बरं, पळतो आता.

मुद्दा कान्हेरीचा. त्या दगडांवरचा 'ॐ मणि पद्मे हूँ' हा मंत्र कोणाचा? अवलोकितेश्वराचा, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचा, लडाखमध्ये त्याला चेनरेझिग म्हणतात. जगाचं दुःख बघून त्याच्या मस्तकाची शकलं झाली आणि अमिताभ बुद्धाने त्याची अकरा मस्तकं केली, अशी कथा आहे. तिकडच्या गोंपांमध्ये, म्हणजे बौद्ध मठांमध्ये, तो अकरा मस्तकांचा, हजार हातांचा दिसतो आणि आपण 'कसलं भारी, कसलं वेगळं' म्हणून फोटो काढतो. हाच अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर कान्हेरीच्या 41 नंबरच्या लेण्यात कोरलेला आहे, हात चारच, पण डोक्यावर डोकी रचलेली. बोरिवलीत! आणि औरंगाबाद लेण्यांत सातव्या लेण्याच्या दारापाशी तोच, आणि शेजारी आग, चोर, सिंह, साप, हत्ती, बुडणारं जहाज अशा संकटांत सापडलेली माणसं त्याचा धावा करतायत. वाटसरूंचाच देव तो, म्हणजे आपला, ट्रेकवाल्यांचा.

म्हणून माझं मागणं, लडाखला न्यायचा प्रत्येक ग्रुप आधी कान्हेरीला न्या. तिथे ती मूर्ती बघितलेलं पोरगं मणी भिंतीवरचा दगड उचलणार नाही, त्याला ते ओळखीचं वाटेल, आपल्या देवळातलं कोणी उचलतं का? आणि दुसरं, प्लॅनमध्ये एका गावात एक दिवस मोकळा ठेवा, तंबूत नाही, कोणाच्या तरी घरी. पुढे निमालिंगचा मुक्काम आहे, 5,200 मीटरच्या आसपासची 'कोंगमारू ला' ही खिंड आहे, तिथे पताका आहेत, 'की की सो सो ल्हारग्यालो' ओरडायचंय, सगळं आहे, पण त्या खिंडीसाठी गाव गाळू नका. तिसरं, वेट वाइप्स परत आणा, पिशवीत घालून, लेहपर्यंत.

प्रश्न चहा घेता घेता. येत्या रविवारी मी कान्हेरीला जातोय, सकाळी साडेसात, बोरिवली पूर्व, नॅशनल पार्कचं गेट. टॉर्च आणा, 41 मध्ये उजेड कमी असला तर डोकी मोजता येत नाहीत.