शॉन नावाचं मेंढरू

नमस्कार मंडळी, कसे आहात? आज मला तुमच्याशी एका मेंढराबद्दल बोलायचंय.

मागच्या उन्हाळ्यात माझी बहीण जर्मनीहून महिनाभर माहेरी आली होती, सोबत पाच वर्षांचा भाचा. त्याचं मराठी मोडकंतोडकं, आणि माझी आई माणदेशातली, तिला कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे पहिले दोन दिवस आजी-नातवाचं जमेचना. तो काहीतरी सांगायचा, ती "आं?" करायची की हा रुसून आतल्या खोलीत. तिसऱ्या दिवशी त्यानं टॅबवर 'शॉन द शीप' ही शॉन नावाच्या मेंढराची मुलांची मालिका लावली आणि तिच्या मांडीला टेकून बसला. थोड्या वेळानं मला स्वयंपाकघरात दोघांचं हसणं ऐकू आलं, आणि तेही एकाच वेळी!

तर या मालिकेत बोलणं असं नाहीच. मेंढ्या बें बें करतात, बिट्झर नावाचा राखणीचा कुत्रा गुरगुरतो, आणि शेतकरी तर चक्क माणूस असूनही नुसता पुटपुटतो, पण तो चिडलाय का खूश आहे ते बरोब्बर कळतं. हा आवाज काढणारे कलाकार जॉन स्पार्क्स, आणि माझ्या मते अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात अवघड काम त्यांचंच, कारण शब्द न वापरता बोलायचं म्हणजे नुसत्या सुरावर सगळा भार.

शॉन पहिल्यांदा दिसला 1995 साली, आर्डमन स्टुडिओच्या 'अ क्लोज शेव्ह' या छोट्या फिल्ममध्ये, तिला पुढे ऑस्करही मिळालं. त्यात त्याची लोकर मशीनमध्ये कातरली जाते, इंग्रजीत कातरलेल्याला शॉर्न म्हणतात, त्यावरून नाव शॉन. मग 2007 पासून त्याची स्वतःची मालिका सुरू झाली. आर्डमन इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचं, आणि मालिका करायला सोबत जर्मनीतल्या कलोनचं डब्ल्यूडीआर हे सरकारी नव्हे पण लोकांच्या वर्गणीवर चालणारं चॅनल. तिकडे 'माउस'चा म्हणून मुलांचा एक कार्यक्रम 1971 पासून चालू आहे, त्यातून शॉन घराघरात गेला. दोन देश, दोन भाषा, पण पात्रांच्या तोंडी शब्दच नाहीत म्हटल्यावर डबिंगचा प्रश्नच मिटला की! पुढच्याच वर्षी, 2008 मध्ये, मालिकेला इंटरनॅशनल एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला.

आणि यामागची मेहनत ऐका. हे कॉम्प्युटरवर काढलेलं कार्टून नाही, खरे पुतळे आहेत, आत सांधे असलेला धातूचा सांगाडा, आणि प्रत्येक फोटोसाठी हातानं थोडंसं हलवायचं. असा एक फोटो म्हणजे एक फ्रेम, सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर सात मिनिटांच्या एका भागाला साडेदहा हजार, एक पोझ दोन फ्रेमना धरली तरी पाच हजारांच्या वर पोझ. दिवसभर खपून एका अ‍ॅनिमेटरच्या हातून काही सेकंद तयार होतात. त्यात पात्रं बोलायला लागली तर प्रत्येक अक्षराला तोंड बदला, म्हणजे काम अजून वाढलं. इथे तो वेळ डोळ्यांवर जातो. बुबुळाला बारीकसं भोक असतं, त्यात टाचणी घालून डोळा एवढासा फिरवतात आणि शॉनच्या मनात काय शिजतंय ते आपल्याला कळतं. पुढच्या वेळी बघाल तेव्हा नुसते डोळे बघा, खरंच बघा.

पहिल्याच भागात मेंढ्या चक्क कोबीच्या गड्ड्यानं फुटबॉल खेळतात. आता कोबीचा चेंडू ही गोष्ट ब्रिस्टलच्या पोराला जशी कळते तशीच साताऱ्याच्या पोरालाही कळते, ती काय समजावून सांगायची?

आईला मात्र बिट्झर आवडला. डोक्यावर लोकरीची टोपी, मनगटावर घड्याळ, मालकाचं ऐकायचं आणि मेंढरांनाही सांभाळून घ्यायचं, सगळा ताप त्यालाच. तिच्या माहेरी शेजारीच धनगरवाडा, त्यामुळे मेंढरं तिनं जन्मभर बघितलीत, एक जिकडे जाईल तिकडे बाकीची मान खाली घालून मागोमाग. ती भाच्याला शॉनकडे बोट करून म्हणाली, "हे मेंढरू न्हाय बाळा, हे पोरगं हाय." त्याला वाक्य किती कळलं देव जाणे, पण त्यानं जोरजोरात मान हलवली. मग रोज दुपारी जेवणं झाली की दोघांचा तोच कार्यक्रम, भाग संपला की आई टॅबवर बोट टेकवायची, म्हणजे अजून एक लाव.

महिन्यानं ते परत गेले. परवा व्हिडिओ कॉल लावला, आईला फोनवरचं तर अजिबातच ऐकू येत नाही, ती नुसती स्क्रीनकडे बघत बसली होती. भाचा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला, गाल फुगवले, डोळे एका बाजूला फिरवले, हुबेहूब शॉन. आणि आईनं इकडून मोठ्यांदा "बें" केलं.