बाल्टिमोरचा जमदग्नी

मंडळी, सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आपल्या ओरिओल्स या बेसबॉल संघाचा मॅनेजर अर्ल वीव्हर, त्याला मैदानाबाहेर हाकलायला पंचांना एवढी लागत नसत. नव्वदहून जास्त वेळा हाकललंय त्याला!

मी या गावात आलो १९८१ साली. आमच्या गल्लीतल्या क्रिकेटचा शिरस्ता असा, की पंचानं बोट वर केलं की बॅट काखेत मारायची आणि निघायचं. इथे मेमोरियल स्टेडियममध्ये बघतो तर ओरिओल्स संघाचा मॅनेजर, साडेपाच फुटांच्या जरासा वर, धावत आला आणि पंचाच्या नाकाला नाक लावून उभा राहिला. पायांनी माती उडवतोय, तोंडाचा पट्टा चालू. पण त्याआधी त्यानं एक गोष्ट केली. टोपी फिरवून मागे केली. तिची चोच पंचाला लागली असती तर बंदी आली असती. रागानं लालबुंद झालेल्या माणसाला हे बरं आठवतं! त्या दिवसापासून मला त्याच्या रागाबद्दल जरा संशयच आहे.

स्वतः तो मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वात वरच्या पातळीवर, एकही सामना खेळला नाही. सेंट लुईसचा हा पोरगा खालच्या लीगमध्येच झिजला. १९६८ मध्ये ओरिओल्स हाती आले आणि पुढच्या तीन वर्षांत संघानं १०९, १०८ आणि १०१ सामने जिंकले. विश्वविजेतेपद मात्र एकदाच, १९७० चं. एकूण विजय १,४८०.

हे जमलं कसं? त्याच्याकडे कार्डं असायची. कुठल्या पिचरसमोर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासमोर, आपला कोण चालतो, कोण ढेपाळतो, सगळा हिशेब लिहिलेला. संगणकाच्या कितीतरी आधी, बरं का. नाव मोठं म्हणून कुणाला खेळवायचं नाही. १९८२ मध्ये डाव्या क्षेत्ररक्षकाच्या जागी लोवेन्स्टीन आणि रेनिकी, समोरचा पिचर डावरा की उजवा ते बघून आलटूनपालटून. त्याच वर्षी सहा फूट चार इंचांच्या कॅल रिपकेनला त्यानं शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या चपळ क्षेत्ररक्षकाच्या जागी, उभं केलं. एवढा उंच माणूस तिथे शोभत नाही, असं सगळे म्हणत होते. पुढे तो तिथेच दिग्गज ठरला, ते इथल्या पोरांनाही पाठ आहे. संघाचा पिचर जिम पामर याच्याशी वीव्हरचं कायम वाजायचं, पण पामरचे वीस विजयांचे आठही हंगाम वीव्हरच्याच हाताखालचे.

आणि टोमॅटो! मैदानाची निगा राखणारा पॅट सॅंटारोन आणि हा, दोघं डाव्या कडेला, रेषेबाहेर, टोमॅटो लावायचे आणि कुणाचे मोठे यावरून भांडायचे. परसात मिरची-कोथिंबीर लावणाऱ्या आपल्या बायकांना हा माणूस लगेच पटला असता.

१९८२ नंतर वीव्हर निवृत्त झाला. १९८५ मध्ये तो परत आला, तो नसता आला तर बरं झालं असतं. माझ्यासाठी त्याचा शेवट ३ ऑक्टोबर १९८२ चाच. मिलवॉकीविरुद्ध सलग तीन जिंकून गटात बरोबरी साधलेली, गटविजेता ठरवणारा शेवटचा सामना १०-२ नं हरलो. मी निघायला उठलो, तर कुणीच हलेना. हरलेल्या संघासाठी स्टेडियम उभं राहून त्याचं नाव घेत होतं. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला, डोळे पुसत. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझा दंड धरला आणि म्हणाला, "बस रे, अजून जायचं नाही."