जिम लावू की घरीच करू?

नमस्कार मंडळी. परवा शेजारच्या ताईंनी मला जिन्यातच गाठलं आणि म्हणाल्या, अगं मला जरा फिट व्हायचंय, जिम लावू की घरीच काहीतरी करू? आणि मी तोंड उघडायच्या आतच, घरी केलेल्याला काय व्यायाम म्हणायचं का, असंही बोलून मोकळ्या झाल्या. मग त्यांना तिथंच पायरीवर बसवून एक गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हाला सांगते, माझी फार लाडकी गोष्ट आहे ही.

गोष्ट लंडनची. दुसरं महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झालेली. रस्त्यावर दुमजली बस, डबल डेकर, आणि प्रत्येक बसवर दोन माणसं, एक ड्रायव्हर, एक कंडक्टर. आता बघा हं, दोघं एकाच बसवर, एकाच शहरात, धूरही तोच आणि गर्दीही तीच. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर सीटवर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं देत सारखा वर-खाली, वर-खाली. दिवसाला 500 ते 750 पायऱ्या व्हायच्या त्याच्या. तर जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे 31,000 पुरुषांच्या नोंदी तपासल्या, 35 ते 64 वयाच्या, आणि 1953 साली निष्कर्ष छापला. कंडक्टरना हृदयविकार ड्रायव्हरपेक्षा कमी होता, आणि ज्यांना झाला त्यांना उशिरा झाला. परत सांगते, बस तीच, फक्त एक जण जिना चढत होता.

आता कुणीही म्हणेल, अहो, ड्रायव्हर आधीपासूनच जाड असतील! तेव्हाही लोक हेच म्हणाले. आणि इथं मला हा माणूस फार आवडतो, कारण मॉरिस वाद घालत बसले नाहीत, ते गेले थेट युनिफॉर्मच्या नोंदींकडे. प्रत्येकाची पँट शिवायची तर कमरेचं माप लिहिलेलं असणारच ना! त्या मापांवरचा निबंध 1956 साली आला. निघालं काय, तर ड्रायव्हरांची कंबर खरंच मोठी होती, अगदी तरुण ड्रायव्हरांचीसुद्धा. म्हणजे शंका घेणाऱ्यांचंही थोडं बरोबर होतं, आणि ते मॉरिसनीच स्वतः मोजून, छापून दाखवलं. पण त्यांच्याकडे पोस्टखात्याचीही माहिती होती. पायी आणि सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन एकीकडे, त्याच खात्यात खुर्चीवर बसणारे कारकून आणि टेलिफोन ऑपरेटर दुसरीकडे, आणि तिथंही चालणाऱ्यांचं हृदय जास्त ठीक. पुढं जगभर असे अभ्यास होत गेले आणि मॉरिसचा मुद्दा पक्का झाला. यातला एकही कंडक्टर त्या पायऱ्या व्यायाम म्हणून चढत नव्हता हो, ती त्याची नोकरी होती.

जिन्यावरून आठवलं, हल्ली इमारती बांधताना लिफ्ट अगदी समोर, चकचकीत, आणि जिना कुठंतरी मागं कोपऱ्यात, अंधारात, जड दरवाजाआड. हे मला अजिबात पटत नाही. जिना समोर हवा, उजेडात हवा, येणाऱ्याला पहिला तोच दिसायला हवा. असो, विषयाकडे येते.

तर जिम लागते का? जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली मोठ्या माणसांसाठी सांगितलंय की आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणायला दम पुरत नाही इतपत, आणि आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. तो कुठं करायचा, यावर अट नाही. शरीराला जागा कळत नाही, भार कळतो. लक्षात ठेवा, जागा नाही, भार.

आणि घरी करणारे चुकतात ते इथंच, भार वाढवतच नाहीत, वर्षानुवर्षं त्याच दहा बैठका. शरीराला सवय झाली की तेवढ्यानं ताकद वाढायची थांबते. म्हणून जोर आधी भिंतीला हात टेकून मारा, ते सोपं झालं की पक्क्या टेबलाला, मग जमिनीवर. एक कमतरता मात्र मान्य करते, घरी ढकलायचे व्यायाम सहज होतात, ओढायचे होत नाहीत, आणि पाठ मागं राहते, त्यासाठी रबरी पट्टा आणा किंवा पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून ती कमरेतून वाकून पोटाकडे ओढा. ज्यांना खूप वजन उचलायचंय, किंवा एकट्यानं होतच नाही, चार माणसं लागतात, त्यांनी जिम खुशाल लावावी, तिथं भार वाढवणं फार सोपं असतं. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि जोर लावताना श्वास रोखू नका.

माझी आई खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, हिसका मारून उठायची. ते बघून मला भीतीच वाटायची. मग खुर्ची भिंतीला टेकवली, सरकू नये म्हणून, बसायला उंच व्हावं म्हणून वर जाड उशी ठेवली आणि सांगितलं, हात छातीवर, सावकाश पाच वेळा उठ आणि बस. पहिल्या दिवशी तीनच झाल्या, चौथीला पाय थरथरले. दिवसाआड करत राहिली, कधी कुरकुरत, कधी माझ्यावर चिडून, पण करत राहिली. दहा व्हायला लागल्यावर जाड उशी काढून पातळ ठेवली, ती परत पाचावर आली, परत दहापर्यंत गेली. मग गेल्या महिन्यात तिनं ती पातळ उशीपण स्वतःच उचलली आणि पलंगावर नेऊन ठेवली.