कँडीचा कुत्रा, कार्लसनचं पिस्तूल

कॅलिफोर्निया, १९३० चं दशक. महामंदी चालू आहे, कामासाठी या रँचवरून त्या रँचवर भटकणारे मजूर, बहुतेक सगळे एकटे. त्यात दोघं मात्र जोडीनं फिरतायत. जॉर्ज, बुटका आणि चलाख. आणि लेनी, अंगानं राक्षस पण अक्कल लहान पोराची.

जॉन स्टाइनबेकची 'ऑफ माइस अँड मेन' १९३७ साली आली. माणूस कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासचाच, तरुणपणी असल्या रँचवर राबलेला, त्यामुळे त्याला हे जग आतून माहीत होतं. छोटीशी कादंबरी आहे, गोष्ट गुरुवारी संध्याकाळी सुरू होते आणि रविवारी संपते. वाचली नसेल तर आधी वाचून या, कारण आता मी शेवट सांगणार आहे. खरं तर स्टाइनबेकच तो पहिल्या पानांपासून सांगत सुटलाय.

सुरुवातीलाच लेनीच्या खिशात मेलेला उंदीर निघतो. मऊ लागतो म्हणून कुरवाळत बसला होता. मग कळतं की आधीच्या गावात, वीडमध्ये, त्यानं एका मुलीचा लाल ड्रेस हात लावायला म्हणून धरला, ती ओरडली, हा घाबरला आणि घाबरून आणखीच घट्ट धरून बसला, शेवटी दोघांना पळून यावं लागलं. नंतर कुत्र्याचं पिल्लू मरतं. मग रँचमालकाच्या पोराच्या, कर्लीच्या, बायकोचे केस, आणि तीही त्याच्या हातून मरते. दर वेळी तेच होतं, फक्त हातात सापडणारा जीव मोठा होत जातो. आणि त्या पहिल्याच संध्याकाळी जॉर्ज त्याला बजावून ठेवतो की काही लफडं झालं तर इथेच, नदीकाठच्या झुडपात येऊन लप.

पण मला सगळ्यात जास्त हलवतो तो रँचवरचा म्हातारा मजूर कँडी, त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याचा प्रसंग. कार्लसन, तिथलाच दुसरा मजूर, म्हणतो, वास मारतोय, संपवून टाकू. पिस्तूल नेमकं कुठे टेकवायचं तेसुद्धा दाखवतो, डोक्याच्या मागे, त्याला कळणारही नाही म्हणतो. कुत्र्याला बाहेर नेतात. आत सगळे गप्प, कोणीतरी उगाच पत्त्यांचा विषय काढतं, कँडी छताकडे बघत पडलाय, आणि गोळीचा आवाज काही येतच नाही, येतच नाही. स्टाइनबेक इथे आपल्याला अक्षरशः छळतो, आणि ते करायलाच हवं होतं. आवाज आल्यावर कँडी भिंतीकडे तोंड करतो.

त्याच रात्री कँडी जॉर्ज-लेनीच्या स्वतःची जमीन घ्यायच्या स्वप्नात सामील होतो. १० एकर जागा, ६०० डॉलर, त्यातले निम्म्याहून जास्त कँडीकडेच आहेत, म्हणजे स्वप्न पहिल्यांदाच हाताशी आलंय. आणि नेमकं तेव्हाच तो जॉर्जला म्हणतो, माझा कुत्रा मीच मारायला हवा होता, परक्याच्या हातून नको होता. आशा सगळ्यात उंच असताना हे वाक्य टाकलंय! पहिल्या वाचनात नुसती म्हाताऱ्याची हळहळ वाटते. रविवारी कर्ली चिडून लेनीला मारायला निघतो, आणि जॉर्ज त्याच्याआधी नदीकाठी पोचतो. पिस्तूल कार्लसनचंच, जागाही तीच, डोक्याच्या मागे.

त्याआधी कोठारात कँडी अजून विचारतोच, आपण दोघं तरी घेऊ ना ती जागा? तेव्हा जॉर्ज सांगतो की हे होणार नाही हे मला बहुतेक पहिल्यापासून ठाऊक होतं, पण लेनीला ऐकायला इतकं आवडायचं की मलाही वाटायला लागलं, होईल.