पाह्यलं कोनं?

(दृश्य: टाकळघाट. शेताच्या कडेला अर्धवट मातीत गेलेली शिलावर्तुळं.)

नागपूरच्या दक्षिणेला, बुटीबोरीजवळचं हे टाकळघाट. ४ सप्टेंबर १८६३ ला या शिलावर्तुळांचं, म्हणजे प्राचीन दफनांभोवती मांडलेल्या दगडांच्या वर्तुळांचं, खोदकाम बघायला रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप इथं आले होते. संध्याकाळी परतताना नाल्याला पूर होता. त्यात ते वाहून गेले.

हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला, तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. नागपूरकर आज त्यांना ओळखतात ते हिस्लॉप कॉलेजच्या पाटीवरून. पण प्रचाराच्या दौऱ्यावर निघालेल्या या पाद्र्याच्या सामानात दगडही जमायचे. नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतले गोड्या पाण्यातले शंख, मांगलीच्या खडकातली एका प्राचीन उभयचराची कवटी. ती कवटी लंडनला गेली आणि जीवाश्मांचे अभ्यासक रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन केलं.

दगड हातात घेऊन बघणारा हा माणूस, मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला हे कशावर मानत होता?

बायबल या प्रश्नाला बगल देत नाही. येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो, उठलेल्या येशूला पाचशेहून जास्त जणांनी एकाच वेळी पाहिलं आणि त्यातले बरेच अजून हयात आहेत. म्हणजे, जा आणि विचारा. येशूचा शिष्य थोमा, त्याने तर सरळ सांगितलं, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. त्याला कुणी हाकललं नाही. आठ दिवसांनी येशू येतो आणि म्हणतो, आण बोट इकडे.

मात्र त्या पाचशेंपैकी एकाचीही स्वतःची वेगळी जबानी आपल्या हाती नाही. त्यांनी पाहिलं म्हणून सांगणारा पौल एकटा. कोर्टात असं चालत नाही.

(दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. रविवार सकाळ. टिनाच्या छपराखाली सतरंजी, पंधरा-वीस माणसं.)

खंजिरी वाजते आहे. तुकडोजी महाराजांच्या भजनात वाजते तीच. शब्द तेवढे येशूचे.

या बाईंचं नाव आम्ही सांगणार नाही, गावाचंही नाही. दोन एकर कोरडवाहू, बाकी मजुरी. कापूस वेचून वेचून बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा फाटल्या आहेत. नवऱ्याला टीबी होता. प्रार्थनेनं बरा झाला, असं त्या सांगतात.

आम्ही विचारलं, औषध चालू नव्हतं का?

“होतं ना. डॉक्टरनं गोया देल्ल्या होत्या. सहा महिने खाजा म्हने.”

मग गोळ्यांनीच बरे झाले की!

“हाव. पन गोया तं आधीबी फुकटच भेटत होत्या. खात कोन होतं? मालक दिवसभर पेऊन पडून राहे. पास्टर येत जाय, बाजूले बसून प्रार्थना करे. दारू सुटली, मंग गोया पोटात गेल्या.”

या उत्तरावर आमच्याकडे लगेच काही बोलायला नव्हतं. जंतू औषधानं मेले, यात शंका नाही. प्रार्थनेनं फुफ्फुस बरं होतं असं कुणी सांगत असेल, तर त्यापायी गोळ्या बंद पडून माणूस दगावू शकतो, हे बजावून सांगायलाच हवं. पण या बाई तसं म्हणतच नाहीत.

गावाचा प्रश्न वेगळाच आहे: किती भेटले? धर्म बदलला म्हणजे पैसे मिळाले असणार, हे धरूनच चालतात. किराण्याची उधारी बंद झाली. पोळ्याला यांची बैलजोडी तोरणाखाली उभी राहू दिली नाही. गावकऱ्यांचीही एक बाजू आहे. मारुतीच्या देवळाची वर्गणी या घरानं थांबवली, ते लोकांना झोंबलं. आमचा देव चालत नाही, मग आमचं तोरण कशाला, असं ते विचारतात. पण वर्गणीचा राग बैलांवर का, ते कुणी सांगितलं नाही.

(दृश्य: जुन्या पपायरसचे तुकडे. चित्रांवर निवेदन.)

हा जाच जुना आहे. सन ११२ च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानात, रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला पत्र लिहितो. ख्रिस्ती म्हणून पकडून आणलेल्यांना तो तीनदा विचारायचा. अडून बसले तर मृत्युदंड. खरं काय ते काढायला त्याने दोन दासींचे हाल केले. या दासी त्यांच्या मंडळीत सेविका होत्या. हाती काय आलं? पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणतात, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात. एवढंच. छळणाऱ्याच्या हातची ही नोंद आज त्या मंडळींविषयीचा भरवशाचा पुरावा ठरली आहे.

सन २५० मध्ये सम्राट डेसियसने फर्मान काढलं: सगळ्यांनी देवांना बळी द्या आणि तसा दाखला घ्या. इजिप्तच्या वाळूत असे दाखले सापडले आहेत. मी नेहमीच देवांना बळी देत आलो, आत्ताही तुमच्यासमोर दिला, नैवेद्य चाखला, असा मजकूर आणि खाली साक्षीदाराची सही.

आपल्याकडेही दाखल्याचं महत्त्व कुणाला सांगायला नको. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. नागपूरच्या दीक्षाभूमीला जाणाऱ्या माणसाचा दाखला टिकतो, शेजारच्या घरात प्रार्थनेला बसणाऱ्याचा जाऊ शकतो. रोमन साम्राज्यात जीव जात होता, इथं मुलीची शिष्यवृत्ती जाते. दोन्ही एका मापानं मोजू नयेत. पण श्रद्धा कागदावर येऊ द्यायची नाही, ही सवय मात्र लागतेच.

छळ सोसला म्हणून श्रद्धा खरी, असं सतरंजीवरचे बरेच जण आम्हाला म्हणाले. ते पटत नाही. जीव देणारे सगळ्याच धर्मांत होऊन गेले. माणूस खोटं बोलत नव्हता, एवढं त्यातून कळतं. तो ज्यावर जीव टाकतो ते घडलं होतं की नाही, हे वेगळं तपासावं लागतं.

(दृश्य: पारावर गावकरी.)

पारावर एक माळकरी आजोबा भेटले. त्या घराशी बोलणं टाकलेल्यांपैकी ते नाहीत. त्यांना विचारलं, तुमचं काय मत?

“दारू सुटली, हे आमाले दिसते. लबाडी नाई त्याच्यात. पन येशूनं सोडवली का बायकोनं सोडवली, हे पाह्यलं कोनं?”

शेजारी बसलेल्यानं लगेच टोला दिला, “अन् तुमची कोनं सोडवली होती, बुवा? पांडुरंगानं का बुढीनं?”