सोलापूर: दिवाळीआधीची धुलाई

(दृश्य: पूर्व भागातली गल्ली, सकाळ. गच्चीवरच्या टाकीत पाणी पडतंय. दारात निळं प्रेशर वॉशर.)

उजनीचं पाणी सोलापुरात रोज येत नाही, मध्ये काही दिवस जातात. त्यामुळे दिवाळीच्या धुलाईचा दिवस इथे नळाच्या पाळीवर ठरतो. आज पाळी आहे, आणि भाड्याचं मशीनही आलंय.

घर दोन काळांत बांधलेलं. खालचा मजला आजोबांच्या वेळचा, काळ्या दगडाचा, दरजा चुन्याच्या. वरचा नंतर चढवलेला, विटा-सिमेंटचा, पिवळ्या इमल्शनचा. समोर शहाबादी फरशीचं अंगण.

मशीन चालवणारा पोरगा पाइप जोडता जोडता म्हणतो, "मावशी, खालून वरपर्यंत सगळं मारून देतो. तासाभराचं काम."

मावशी म्हणतात, "आधी भिंत बघ की."

(दृश्य: मावशी दगडाच्या सांध्यावर नख फिरवतात. पांढरी भुकटी खाली पडते.)

आता जरा आकडे. गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्याच्या नळाला येणारं पाणी सहा-सात मीटर उंचीवरून येतं. दाब जेमतेम अर्धा-पाऊण बार. घरगुती प्रेशर वॉशर साधारण १०० बारच्या पुढे काम करतं, म्हणजे दीडशे पट. हे पाणी काळ्या दगडाला काही करत नाही. पण दगड ज्याने धरून ठेवलाय तो जुना चुना नखाने सुटतो, तिथे या धारेचं काय सांगावं! दरजा रिकाम्या होतात आणि पुढच्या पावसाचं पाणी सरळ भिंतीत शिरतं. म्हणून खालच्या मजल्याला आज मशीन नाही. मऊ ब्रश, बादली, साधं पाणी. जिथे लोणा फुटलाय तिथे तर कोरडाच ब्रश. लोणा म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार, पाणी मारलं की ते पुन्हा वर येतात.

पोरगा जरा हिरमुसतो. वरचा मजला आणि अंगण अजून त्याचंच आहे.

(दृश्य: रंगीत टोकांच्या नोझल हातात.)

लाल नोझलची धार शून्य अंशाची, सुईसारखी. घराच्या कामात ती पेटीतच राहू द्या. पिवळी १५ अंश, हिरवी २५, पांढरी ४०. काळी साबणासाठी, कमी दाबाची. रंगवलेल्या भिंतीला पांढरी लावायची, दोन-तीन फुटांवरून सुरुवात करायची आणि आधी कोपऱ्यात मारून बघायचं. रंगाचे पोपडे उडायला लागले तर तिथेच थांबायचं. घर जुनं असेल तर आणखी एक कारण आहे: जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि उडालेले पोपडे अंगणात पोरांच्या हाताला लागतात.

साबण खालून वर लावायचा, धुवायचं वरून खाली. कोरड्या भिंतीवर साबण वरून ओघळला की पट्टे उमटतात. आणि हे उन्ह चढायच्या आत उरकायचं. इथल्या उन्हात साबण भिंतीवरच वाळतो.

(दृश्य: पोरगा शिडीकडे वळतो. मावशी हातानेच नाही म्हणतात.)

शिडीवर चढून मशीन चालवायचं नाही. ट्रिगर दाबताच गन मागे झटका देते आणि शिडीवर तोल सावरायला हात मोकळा नसतो. लांब दांडी लावा, जमिनीवर उभे राहा. मीटरचा बोर्ड, खिडक्यांच्या कडा, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पातळ पट्ट्या, इकडे धार नको. मशीनचा प्लग अर्थिंग असलेल्या पॉवर सॉकेटमध्ये, शक्य तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच). एक्स्टेन्शनचा जोड ओल्या फरशीवर पडलेला दिसला तर आधी मशीन बंद.

आणि धारेसमोर बोट धरायचं नाही. जखम टाचणीएवढी दिसते, पण पाणी आणि घाण कातडीखाली घुसलेली असते. हळद लावून बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

(दृश्य: अंगण. हिरवट शेवाळ निघतंय, खालून करडा शहाबादी दिसतोय.)

इथे मात्र मशीन खरं कामाचं. हिरवी नोझल, धार तिरकी, हात सतत हलता. फरशी चकाचक करायला काही जण ॲसिड ओततात. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. ॲसिडने जो फेस येतो तो मळाचा नसतो, फरशीच विरघळत असते. ॲसिडवर ब्लिचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो, तो वेगळाच.

पाण्याचा हिशेब मावशींनी आधीच विचारून ठेवलाय. मशीन मिनिटाला सहा-सात लिटर घेतं. हजार लिटरची टाकी साधारण अडीच तास पुरते. उघड्या पाइपने त्याहून जास्त पाणी जातं, हे आमच्याकडे अजून फारसं कुणाला पटत नाही. बोअरचं पाणी वापरलं तर मशीनची पाणी गाळणारी जाळी तपासा आणि काचा लगेच पुसा, क्षारांचे ठिपके राहतात. टाकी संपत आली की मशीन बंद. कोरडा पंप जळतो.

काम झाल्यावर आधी स्विच, मग नळ, मग ट्रिगर दाबून पाइपातला दाब सोडायचा. त्यानंतर जोड काढायचे.

रंगारी उद्याच येतो म्हणाला होता. मावशींनी त्याला फोन लावलाय: "भिंत अजून ओली आहे. तीन-चार दिवस ऊन लागू दे, मग ये."